कच्चा स्टोरीबोर्ड: काय पक्कं हवं आणि काय कच्चंच राहू द्यायचं

हाताने काढलेल्या ॲनिमेशनचं पहिलं काम घेऊन येणारी बहुतेक मुलं माझ्यासमोर स्टोरीबोर्डची, म्हणजे गोष्ट चौकटीचौकटीने चित्रांत मांडलेली, दोनपैकी एक वही ठेवतात. एकीत प्रत्येक चौकट शेडिंगसकट, पार नखांपर्यंत रेखाटलेली असते. आठवडाभर खपून सात चौकटी झालेल्या असतात आणि गोष्ट अजून पहिल्याच प्रसंगात अडकलेली असते. दुसरीत नुसत्या काड्यांची माणसं. कोण कुठे बघतंय हे कळायला काढणाऱ्यालाच शेजारी उभं करावं लागतं. पहिल्याला वाटतं आपण मेहनती, दुसऱ्याला वाटतं आपण झपाट्याने काम करणारे. दोघांनाही सगळं परत काढावं लागतं.

कच्च्या चित्रात पक्क्या हव्यात अशा गोष्टी चारच: पात्र कुठे आहे, कुठे बघतंय, वजन कोणत्या पायावर आहे आणि चौकटीची कड कुठे येते. एवढं पक्कं असलं की बाकी सगळं कच्चं चालतं. किंबहुना कच्चंच हवं, कारण यातली निम्मी चित्रं फेकायची असतात आणि मन लावून सजवलेलं चित्र कोणाच्यानेही फेकवत नाही.

पूर्ण लेखात एकच उदाहरण घेऊ, चाळीस सेकंदांचं. आजीने गच्चीवर कुरडया वाळत घातल्यात. नातवाच्या हातात काठी देऊन ती खाली जाते. कावळा येतो. पुढे काय होतं ते टप्प्याटप्प्याने येईलच.

तयारी: हिशेब आणि कागद

आधी हिशेब. सिनेमाच्या चालीने सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ४० सेकंदांच्या ९६० फ्रेम होतात. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं, म्हणजे ‘टूजवर’ काम केलं, तरी सतत हलणाऱ्या एका पात्राची ४८० चित्रं होतात. आपल्याकडे पात्रं तीन. एक शॉट, म्हणजे दोन कटांमधला सलग तुकडा, सरासरी चार सेकंदांचा धरला तर दहा शॉट, आणि शॉटमागे तीनेक चौकटी धरल्या तर बोर्डवर तीसेक चौकटी. या तीस चौकटींत एक निरुपयोगी पाच सेकंदांचा शॉट सापडला, तर टूजवरची प्रत्येक हलत्या पात्राची ६० चित्रं वाचतात. बोर्ड काढायचा तो यासाठीच. मी हा हिशेब भिंतीवर लिहून ठेवतो. कंटाळा आला की बघायला बरा पडतो.

शब्दांचा एक घोळही इथेच मिटवू. आपण बोलताना दोन्हींना ‘फ्रेम’ म्हणतो. या लेखात फ्रेम म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग आणि चौकट म्हणजे बोर्डवरचं एक चित्र.

आता सामान. ए-फोर कागदाचे आठ समान तुकडे करा. प्रत्येक तुकडा साधारण १०.५ बाय ७.४ सेंटीमीटरचा होतो. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून ८ बाय ४.५ सेंटीमीटरची खिडकी कापून घ्या. ही सोळा-नऊची, म्हणजे रुंद पडद्याच्या प्रमाणातली, चौकट झाली. खिडकी तुकड्याच्या वरच्या भागात ठेवून कड आखली की खाली टिपणांना जागा उरते. लघुचित्रांसाठी ४ बाय २.२५ सेंटीमीटरची दुसरी खिडकी कापा. याशिवाय फिकट निळी पेन्सिल, ४बी पेन्सिल, एक जाड मार्कर, मास्किंग टेप आणि फोनमधलं स्टॉपवॉच. टेबलावर खोडरबर ठेवू नका. चुकलं तर नवा तुकडा घ्या.

> सावध: बांधीव वहीत बोर्ड काढू नका. वहीतली चौकट जागची हलत नाही, आणि बोर्डवरचं अर्धं काम चौकटी हलवण्याचंच असतं.

टप्पा १: घटना चिठ्ठ्यांवर

चित्र अजून नाही. एका चिठ्ठीवर एक घटना, एका वाक्यात. वाक्यात दिसणारं क्रियापद हवं. ‘नातवाला कंटाळा येतो’ हे काढता येत नाही. ‘नातू काठीवर हनुवटी टेकतो, काठी घसरते’ हे काढता येतं. पटकथेतली ‘वाटतं’, ‘आठवतं’, ‘कळतं’ अशी सगळी क्रियापदं या गाळणीतून जाऊ द्या.

आपल्या चिठ्ठ्या अशा झाल्या: आजी काठी देऊन जिन्याने खाली जाते. नातू शिपायासारखा उभा राहतो. काठीवर हनुवटी टेकतो, काठी घसरते. कावळा कठड्यावर उतरतो. नातू काठी उगारतो, कावळा उडतो. कावळा मागून येऊन एक कुरडई उचलतो. नातू बाकीच्या कुरडयांकडे बघतो, एक ओली कुरडई स्वतःच तोंडात टाकतो. आजी वर येते. नातू आणि कावळा दोन दिशांना बघत बसतात.

> तपासणी: चिठ्ठ्या हातात घेऊन कोणालातरी नुसत्या वाचून दाखवा. ऐकणाऱ्याने ‘मग?’ विचारलं तर ठीक. ‘का?’ विचारलं तर एक चिठ्ठी राहिलीय.

टप्पा २: जागेचा नकाशा

गच्ची वरून बघितल्यासारखी काढा: जिन्याचं दार, पाण्याची टाकी, कठडा, मधोमध पसरलेलं धोतर आणि त्यावर कुरडया. नातू कुठे उभा, कावळा कुठे बसतो, ऊन कुठून येतं. मग नातू आणि कावळा यांना जोडणारी एक रेघ मारा. कॅमेरा या रेघेच्या एकाच बाजूला राहिला की नातू कायम उजवीकडे आणि कावळा कायम डावीकडे बघेल. कॅमेरा न सांगता रेघ ओलांडून गेला की दोघंही एकाच दिशेला बघायला लागतात.

हा टप्पा लोक गाळतात. मीही गाळला होता. याच प्रकारच्या एका छोट्या कामात माझा कावळा एका शॉटमध्ये डावीकडून उजवीकडे उडत बाहेर गेला आणि पुढच्यात उजवीकडून डावीकडे आत आला. चौकटी सुट्या बघताना दोन्ही झकास दिसत होत्या. पेन्सिल ॲनिमेशन पूर्ण झाल्यावर शेजारच्या मुलाला दाखवलं, तर तो शेवटी म्हणाला, “दुसरा कावळा कुठं गेला?” आठ दिवसांचं काम टोपलीत गेलं. नकाशा काढायला दहा मिनिटं लागतात.

कावळा मागून यायचाच असेल तर ते दाखवावं लागतं: नातवाच्या डोक्यावरून त्याची सावली सरकते, किंवा तो टाकीमागून डोकावतो. आपण सावली घेऊ. हाताने काढायला ती सर्वांत स्वस्त.

टप्पा ३: लघुचित्रं

आता छोटी खिडकी आणि जाड मार्कर. दर घटनेची किमान तीन लघुचित्रं, प्रत्येकी अर्धा मिनिट. मार्कर जाड असल्यामुळे डोळे, बोटं, चेहऱ्यावरचे भाव काढताच येत नाहीत. उरतात फक्त काळे-पांढरे आकार, आणि या टप्प्यावर ठरवायचं असतं ते तेवढंच.

पहिलं लघुचित्र बहुतेक वेळा डोळ्यांच्या उंचीवरून, पात्र मधोमध, पूर्ण उभं असं येतं. येऊ द्या, ते कागदावर उतरवून टाका म्हणजे डोक्यातून जातं. दुसऱ्यात कॅमेऱ्याची उंची बदला. तिसऱ्यात चौकटीत सर्वांत मोठं काय असेल ते बदला. ‘नातू शिपायासारखा उभा राहतो’ यासाठी माझी तीन अशी होती. पहिल्यात नातू समोरून. दुसऱ्यात खूप वरून, धोतराचा पांढरा चौकोन आणि त्याच्या कोपऱ्यात ठिपक्याएवढा नातू. तिसऱ्यात जमिनीलगत कॅमेरा, पुढे कुरडयांचे मोठाले गुंते आणि मागे त्यांच्यापेक्षा छोटा शिपाई. तिसरं निवडलं, कारण त्यात राखणदार आणि मुद्देमाल यांचं प्रमाण एका नजरेत कळतं. शिवाय विनोद आपोआप होतो.

निवडलेली सगळी लघुचित्रं एका ओळीत लावून बघा. सलग तीन चौकटींत डोकी एकाच मापाची, एकाच जागी असतील तर मधली बदला. लगतच्या दोन शॉटमध्ये माप थोडंसंच बदललं तर कट न वाटता चित्र दचकल्यासारखं दिसतं. बदलायचं तर ठसठशीत बदला.

> तपासणी: ओळ भिंतीवर लावा आणि दोन मीटर मागे जाऊन डोळे किलकिले करा. दर चित्रात नजर पहिल्यांदा कुठे जाते? जिथे जायला हवी तिथे जात नसेल तर काळ्या-पांढऱ्याची वाटणी चुकलीय. पुढच्या टप्प्यात कितीही सुंदर रेषा काढली तरी ती दुरुस्त होत नाही.

टप्पा ४: कच्ची चौकट

इथे मोठी खिडकी, निळी पेन्सिल आणि दर चौकटीला तीन ते पाच मिनिटं. एका शॉटमध्ये किती चौकटी? पवित्रा बदलला, मनातलं बदललं किंवा कॅमेरा हलला तर नवी चौकट. हालचालीची तयारी, हालचालीचं टोक आणि त्यावरची प्रतिक्रिया, बहुतेक शॉट एवढ्यात सांगून होतात. मधली चित्रं ॲनिमेटरची, ती बोर्डवर काढत बसू नका.

आता ‘ओली कुरडई स्वतःच तोंडात टाकतो’ हा शॉट हात धरून काढू.

आधी बाजू ठरवा. नातू समोरून काढला तर कुरडईकडे जाणारा हात अंगावरच येतो, आणि अंगावरचा हात कच्च्या रेषेत हरवतो. म्हणून नातू बाजूने, उकिडवा. हात धोतराच्या दिशेने अंगापासून पूर्ण सुटलेला. डोकं नेमकं उलट्या दिशेला, जिन्याच्या दाराकडे वळलेलं. चोरी दाखवायला चेहऱ्याची गरज नाही. हात एकीकडे आणि मान दुसरीकडे, एवढ्यात ती होते.

आता रेषांचा क्रम. टाचेपासून मानेपर्यंत एकाच झटक्यात एक वळणदार निळी रेघ, हा शरीराचा ओघ. त्यावर दोन गोळे, कंबर आणि छाती, एकमेकांकडे किंचित मुरडलेले. मग लांबवलेला हात, टोकाला चिमूट, फक्त दोन बोटं. मग डोक्याचा गोळा आणि त्यावर नजरेची आडवी रेघ. इथे थांबा आणि विचारा, वजन कुठे आहे? हात एवढा लांब गेला तर वजन पुढच्या पायावर आणि मागची टाच उचललेली हवी. टाच टेकलेली काढली तर पोरगा कुरडई उचलतोय असं वाटत नाही, भिंतीला रंग लावतोय असं वाटतं.

यानंतरच ४बी घ्या, आणि तीही चारच जागी फिरवा: मानेची वळणरेघ, पाठ, लांबलेला हात, नजर. बाकीचं निळं तसंच राहू द्या. बघणाऱ्याला गडद रेषा आधी दिसते, म्हणून ती जिथे गोष्ट आहे तिथेच खर्च करायची. सगळ्या आकृतीभोवती सारखी जाड रेघ मारली तर चित्र नीटस होतं आणि काही सांगेनासं होतं.

शेवटी जागा. कठड्याची एक आडवी रेघ पुरे, पण ती नेमकी डोक्याच्या माथ्याला चिकटून किंवा मानेतून आरपार जाऊ देऊ नका. काठीचं टोक चौकटीच्या कडेला टेकत असेल तर आत घ्या किंवा सरळ कडेबाहेर जाऊ द्या. रेषेला रेषा चिकटली की खोली मरते, आणि कच्च्या चित्रात सावल्या नसल्यामुळे ती परत आणायला दुसरं साधन नसतं.

या शॉटच्या पुढच्या दोन चौकटी पटकन होतात. दुसरीत गाल फुगलेला, हात मांडीवर, नजर अजून दाराकडेच. तिसरीत कठड्यावरचा कावळा मान वाकडी करून बघतोय. त्याच्याही चोचीत कुरडई आहे.

> तपासणी: आकृती मनाने पूर्ण काळी रंगवा, किंवा खरंच एका झेरॉक्सवर रंगवा. नुसत्या काळ्या आकारावरून कृती ओळखू येते का? येत नसेल तर भाव सुधारू नका, पवित्रा सुधारा.

> सावध: चेहऱ्यापासून सुरुवात करू नका. चेहरा छान जमला की तो वाचवण्यासाठी आपण चुकीचं शरीर खपवून घेतो.

टप्पा ५: बाण, टिपणं, क्रमांक

दोन प्रकारचे बाण ठेवा आणि ते कधीही मिसळू नका. पात्राच्या हालचालीला भरीव बाण, चौकटीच्या आत. कॅमेऱ्याला पोकळ बाण, कडेवर. कॅमेरा जवळ जाणार असेल तर मोठ्या चौकटीत छोटी चौकट काढून कोपरे रेघांनी जोडा. चित्र आडवं सरकणार असेल तर दोन-तीन तुकडे जोडून चौकटच लांब करा, म्हणजे मागचं दृश्य किती लांब रंगवायचंय ते लगेच कळतं. पात्राभोवती गोल फिरणारा कॅमेरा मात्र हौस म्हणून लिहू नका. हाताने काढताना त्यात मागचं दृश्यसुद्धा जवळजवळ प्रत्येक चित्रात नव्याने काढावं लागतं.

चौकटीखाली शॉट क्रमांक, चौकटीचं अक्षर, कृती, संवाद आणि वेळ. जपानी ॲनिमेत ‘एकोन्ते’ म्हणून जो बोर्ड वापरतात, त्यात चौकटी वरून खाली येतात आणि वेळेचा रकाना स्वतंत्र असतो. तीन सेकंद बारा फ्रेम ‘३+१२’ अशी लिहितात. ही पद्धत उचलण्यासारखी आहे. वेळ अंदाजाने लिहू नका. उठा, स्टॉपवॉच लावा, उकिडवे बसा, कुरडई उचलून खा. घरचे हसतील.

क्रमांक १०, २०, ३० असे द्या. मध्ये शॉट घुसवावा लागतोच, तेव्हा त्याला २५ म्हणता येतं आणि पुढचे सगळे आकडे खोडत बसावं लागत नाही.

टप्पा ६: भिंत आणि कथन

चौकटी काढलेले सगळे तुकडे, म्हणजे आता आपल्या चिठ्ठ्या, क्रमाने भिंतीवर, डावीकडून उजवीकडे. सॉफ्टबोर्ड नसेल तर कपाटाचं दार आणि मास्किंग टेप चालतं. गोष्ट माहीत नसलेल्या एका माणसासमोर उभं राहून चौकटीवर बोट ठेवत पूर्ण गोष्ट चालू वेळेत सांगा. आवाज काढा, कावळ्याची कावकाव करा. लाजलात तर वेळेचा अंदाज चुकतो.

एकच नियम: चौकटीत नसलेलं बोलायचं नाही. ‘इथे खरं तर त्याला आजीची भीती वाटतेय’ असं तोंडून निघालं की तिथे टेपचा तुकडा लावा. ती चौकट अपुरी आहे. ऐकणारा मागच्या चौकटीकडे नजर टाकतो तिथेही तुकडा लावा, तो तिथे हरवलेला असतो. तो काय सुचवतो त्यापेक्षा तो कुठे मागे वळला याला जास्त किंमत द्या. सूचना सगळ्यांकडेच असतात.

मग काढाकाढी. प्रत्येक चौकटीवर हात ठेवून ती झाका आणि ओळ वाचा. गोष्ट कळत असेल तर चौकट काढून वेगळ्या पाकिटात टाका, फाडू नका. आपल्या उदाहरणात ‘नातू बाकीच्या कुरडयांकडे बघतो’ ही चौकट मला फार आवडली होती, मोठे डोळे वगैरे. झाकून बघितली तर विनोद वाढला, कारण आता त्याचा हात बघणाऱ्याच्या अपेक्षेआधी जातो. ती पाकिटात गेली.

टप्पा ७: ॲनिमॅटिक

ॲनिमॅटिक म्हणजे बोर्डची चित्रं ठरलेल्या वेळेप्रमाणे, आवाजासकट लावून केलेला कच्चा व्हिडिओ. चिठ्ठ्यांचे फोटो अगदी वरून, एकाच उजेडात, एकाच अंतरावरून घ्या. फोन पुस्तकांच्या दोन चळतींवर ठेवलेल्या काचेवर ठेवला तरी चालतं. संवाद आणि आवाज फोनवरच तात्पुरते ध्वनिमुद्रित करा. आजीच्या आवाजासाठी आजी असेल तर उत्तम.

जोडणीसाठी दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती किंवा ब्लेंडर पुरतं. थेट टॅबलेटवर काढत असाल तर क्रिता आणि स्टोरीबोर्डर ही दोन्ही मोफत आहेत. चौकटीखाली लिहिलेल्या वेळेप्रमाणे चित्रं लावा. आणखी काही करू नका, म्हणजे हलते झूम, चमकते कट, पार्श्वसंगीत, काहीच नको. संगीत घातलं की ढिला बोर्डही चांगला वाटू लागतो, आणि खरा प्रकार ॲनिमेशन झाल्यावर कळतो.

> सावध: प्रकल्प उघडल्या उघडल्या फ्रेमगती, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, २४ करून घ्या. रिझॉल्व्हमध्ये चित्रं आणल्यानंतर प्रकल्पाची फ्रेमगती बदलता येत नाही, आणि २५ वर जुळवलेला बोर्ड ॲनिमेटरच्या २४ फ्रेमांच्या वेळेच्या तक्त्यात उतरवताना आवाज आणि चित्र सरकत जातात.

तीनदा बघा. पहिल्यांदा सलग, हातात पेन न घेता. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा डोळे मिटून, फक्त ऐकत. आवाज बंद असताना गोष्ट तुटली तर बोर्डची चूक, डोळे मिटल्यावर लय अडखळली तर वेळेची. शेवटच्या शॉटमध्ये नातू आणि कावळा दोन दिशांना बघत बसतात, तिथे मी आधी एक सेकंद दिला होता. तो दोन सेकंद बारा फ्रेमांचा केल्यावर लोक हसले. नवीन चित्र एकही लागलं नाही.

टप्पा ८: लेआउटकडे सोपवताना

लेआउट म्हणजे बोर्डवरून काढलेलं शॉटचं पक्क्या मापाचं, साफ रेखाटन. सोपवण्यापूर्वी क्रमांक, वेळा आणि पात्रांच्या वस्तू एकदा ओळीने तपासा. काठी कोणत्या हातात होती, आजीचा पदर कमरेला खोचलेला होता का, कुरडया किती उरल्या. कुरडया तर मोजाच. कावळ्याने एक नेली, नातवाने एक खाल्ली, म्हणजे शेवटच्या शॉटमध्ये दोन कमी हव्यात.

आणि पक्का लेआउट झाला म्हणून कच्ची चिठ्ठी टाकून देऊ नका. ती लेआउटला टाचून ॲनिमेटरकडे जाऊ द्या. साफ करताना आकृती हमखास ताठ होते. आमच्या कुरडईच्या शॉटमध्ये लेआउटवर नातवाची मान बोटभर सरळ झाली होती आणि मागची टाच जमिनीला टेकली होती. चिठ्ठी लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या पेटीवर, लेआउटच्या खाली ठेवून पाहिल्यावर ते दिसलं. टाच पुन्हा उचलली.